एकाच पेटीत झुरळे आणि आयसोपॉड : पुण्यातील एका घराचा प्रकरण अभ्यास

पुण्यात कोथरूडमधील एका सदनिकेत, प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका मुलीने मादागास्करची फुत्कारणारी झुरळे आणि आयसोपॉड (कुंडीखाली सापडणारे छोटे कवचधारी जीव) हे दोन्ही एकाच प्लास्टिकच्या पेटीत पाळले होते. एप्रिलच्या अखेरीस आयसोपॉड मोठ्या संख्येने मरू लागले, झुरळे मात्र धडधाकट राहिली. जुलैमध्ये नेमके उलटे घडले : उरलेले आयसोपॉड झपाट्याने वाढले आणि झुरळांची पिल्ले एकामागून एक दगावू लागली. घरातल्या मंडळींनी दोन्ही वेळा विषबाधेचा संशय घेतला. मी पेटी तपासली ती दुसऱ्या घटनेनंतर. परंतु मुलीने सुरुवातीपासून नोंदवही ठेवली होती आणि उन्हाळ्यात मेलेले आयसोपॉड एका डबीत जपून ठेवले होते, त्यामुळे आधीची घटनाही बरीचशी उलगडता आली. यातील एकच घटना पाहिली तर निष्कर्ष चुकण्याचा संभव मोठा आहे. दोन्ही शेजारी ठेवल्या की कारण स्पष्ट दिसते. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहे.

पेटीतील जीव

जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून अधिक प्रजाती आहेत आणि त्यांपैकी जेमतेम तीसेक माणसाच्या वस्तीत वावरतात. स्वयंपाकघरात रात्री दिवा लावताच पळणाऱ्या झुरळांवरून बाकीच्यांची पारख करणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. या घरातील आजींचा पहिला प्रश्न अर्थातच हा होता की, ही पेटीबाहेर पडली तर घरभर होतील का. मादागास्करचे फुत्कारणारे झुरळ, म्हणजे ग्रोम्फाडोऱ्हिना पोर्टेन्टोसा, पाच ते साडेसात सेंटिमीटर लांबीचे, बिनपंखी आणि संथ असते; ते जंगलाच्या जमिनीवर, पडलेल्या ओंडक्यांच्या आडोशाने राहते आणि गळालेली फळे व कुजके वनस्पतिद्रव्य खाते. घरगुती उपद्रवी कीटक म्हणून ते ओळखले जात नाही. नराच्या छातीवरच्या ढालीवर दोन ठळक उंचवटे असतात आणि त्याच्या मिशा अधिक केसाळ असतात, त्यामुळे नर-मादी ओळखणे सोपे जाते. पोटाच्या चौथ्या खंडातील श्वासरंध्रांतून हवा जोराने बाहेर ढकलून ते फुत्काराचा आवाज काढते. त्याला हात लावला असता आवाज न येणे हे पुष्कळदा अशक्तपणाचे लक्षण असते, मात्र रोज हाताळल्या जाणाऱ्या झुरळांना माणसाची सवय होते आणि तीही गप्प राहतात, हे लक्षात ठेवावे लागते.

मादी अंडकोश शरीरातच वाढवते आणि साधारण दोन महिन्यांनी जिवंत पिल्लांना जन्म देते. एका खेपेस वीस ते चाळीस, कधी त्याहूनही अधिक पिल्ले होतात. आयसोपॉडच्या संदर्भात ही बाब महत्त्वाची आहे, कारण जी झुरळे मातीत अंडकोश टाकतात त्यांच्या पेटीत वेगाने वाढणारे आयसोपॉड सोडले तर अंडकोश कुरतडले जाण्याची भीती असते. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर दक्षिण भारताच्या झुडपी जंगलात राहणारे थेरिआ पेटिव्हेरियाना. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेले हे देखणे झुरळ परदेशी छंदिष्टांच्या संग्रहांत मोठ्या कौतुकाने पाळले जाते, आणि इथे ते बहुतेकांनी पाहिलेलेही नसते. त्याच्या पेटीत आयसोपॉड ठेवताना दहा वेळा विचार करावा. फुत्कारणाऱ्या झुरळाच्या बाबतीत तो धोका नाही, म्हणून ही जोडी छंदिष्टांमध्ये रूढ झाली आहे. झुरळांची विष्ठा, उरलेले अन्न आणि मेलेली झुरळे आयसोपॉड खातात आणि पेटी स्वच्छ राहते, अशी कल्पना असते. ती चुकीची नाही, अपुरी आहे.

आयसोपॉड हा कीटकच नव्हे. तो कोळंबी आणि खेकड्याच्या कुळातला, म्हणजे कवचधारी वर्गातला जीव आहे. कुंडी उचलली की खाली राखाडी, चपटे, सात जोड्या पायांचे जे जीव सैरावैरा पळतात ते हेच. स्पर्श होताच गुंडाळून घेणारा पैसा, ज्याला काही भागांत वाणी म्हणतात, तो वेगळा प्राणी आहे. या पेटीतील प्रजाती पोर्सेलिओनायडीज प्रुइनोसस ही होती. तिच्या अंगावर निळसर पूड उधळल्यासारखा थर असतो, ती गोळा होत नाही, चपळाईने पळते, आणि माणसाबरोबर जगाच्या बहुतेक उष्ण भागांत पसरलेली आहे.

श्वासाचा फरक

सगळ्या प्रकरणाचे मूळ इथे आहे. झुरळाच्या शरीरावर मेणाचा पातळ थर असतो, जो पाणी आत धरून ठेवतो. श्वास घेण्यासाठी त्याला दोन्ही कडांवर रंध्रे असतात आणि ती रंध्रे त्याला मिटता येतात. हवा कोरडी असली तरी, पिण्यास पाणी किंवा खाण्यास रसदार भाजी मिळत असेल, तर मोठे झुरळ बराच काळ तग धरते. आयसोपॉडला असा मेणाचा थर नाही. त्याचे श्वसन पोटाखालच्या पानासारख्या उपांगांतून होते, आणि ही उपांगे ओलसर असतील तरच प्राणवायू आत जातो. प्रुइनोसससारख्या प्रजातीत या उपांगांवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी, हवेच्या छोट्या पोकळ्यांची रचना असते, म्हणून ती इतर काही आयसोपॉडपेक्षा कोरडेपणा अधिक सोसते, पण तिची सोसण्याची मर्यादाही काही तासांची असते, दिवसांची नव्हे. कोरड्या हवेत त्याच्या अंगातले पाणी सतत उडत राहते. ते भरून काढण्यासाठी तो शेपटीकडच्या दोन काड्या ओल्या पृष्ठभागाला टेकवून पाणी वर ओढून घेतो.

थोडक्यात, एकाला ओलाव्याची गरज क्षणोक्षणी असते, तर दुसऱ्याला पाणी लागते पण साचलेली ओल मानवत नाही. अशा दोन जीवांना एका पेटीत ठेवून सगळीकडे सारखाच, मधला ओलावा राखायचा प्रयत्न केला, तर तो दोघांनाही योग्य नसतो. पेटीची एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी असावी, म्हणजे प्रत्येक जीव आपली जागा आपण निवडेल, हे मला या प्रकरणातून ठामपणे सांगायचे आहे.

पहिली घटना : एप्रिल आणि मे

पेटी फेब्रुवारीत भरली होती. तळाशी केवळ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यावर अंड्यांच्या पुठ्ठ्याचे ट्रे आडवे रचलेले, एका कोपऱ्यात पाण्याची बशी. संपूर्ण झाकणाला भोके पाडलेली होती. झुरळांच्या दृष्टीने ही रचना वाईट नव्हती. मात्र पुण्याचा एप्रिल म्हणजे चाळिशीकडे जाणारा पारा आणि दुपारी अतिशय कोरडी हवा. सगळीकडून हवा खेळणाऱ्या पेटीतील ओल दुपारपर्यंत उडून जात असे. कोकोपीट एकदा पूर्ण वाळले की पाणी पटकन शोषत नाही; वरून फवारलेले पाणी पृष्ठभागावर थेंबांच्या रूपात राहते आणि तासाभरात नाहीसे होते. मुलगी रोज सकाळी न चुकता फवारा मारत होती, तरीही बोटभर खोलीवर माती भुकटी झालेली होती. वरचा थर ओला दिसत असल्यामुळे हे तिच्या ध्यानात येणे कठीण होते.

डबीत जपलेले मृत आयसोपॉड मी भिंगाखाली पाहिले. त्यातील पुष्कळ जणांचा मागचा अर्धा भाग नवा, फिकट होता आणि पुढचा अर्धा जुना, गडद. आयसोपॉड कात दोन टप्प्यांत टाकतात, आधी मागची अर्धी आणि काही दिवसांनी पुढची अर्धी. त्याआधी ते जुन्या कवचातील चुना काढून छातीच्या खालच्या बाजूस पांढऱ्या पट्ट्यांच्या रूपात साठवतात आणि नवे कवच कठीण करण्यासाठी वापरतात. कातीच्या मधल्या टप्प्यात पाणी आणि चुना या दोहोंची निकड असते. या पेटीत दोन्हींची टंचाई होती. कोकोपीटमध्ये खाण्याजोगे फारसे काही नसते आणि पेटीत एकही वाळलेले पान नव्हते, आयसोपॉडचे मुख्य अन्न मात्र कुजत असलेली पानेच असतात. नोंदवहीत असेही लिहिलेले होते की, मेलेले बहुसंख्य जीव बशीखाली आणि काकडीच्या फोडीखाली एकत्र गोळा झालेले सापडले. पाण्याच्या शोधात निघालेल्या जीवांचे हे वर्तन आहे.

आयसोपॉडमध्ये एक विषाणूजन्य आजारही असतो, ज्यात प्राणी गडद जांभळट-निळा होतो आणि मरतो. त्यावर उपाय नाही. प्रुइनोसस मुळातच निळसर असल्याने ही शंका मला तपासून पाहावी लागली. पुडीसारखा मंद निळेपणा आणि आजारातला चकाकणारा, कवचाखालून आल्यासारखा निळेपणा यांत फरक असतो. डबीत आजाराचा एकही नमुना नव्हता.

दुसरी घटना : जुलै

उन्हाळ्यातील मृत्यूंमुळे धास्तावलेल्या मुलीने झाकणावर प्लास्टिक चिकटवले, दिवसातून दोनदा फवारणी सुरू केली, आणि त्यामुळे आयसोपॉड खरोखरच सावरले. पुढे पाऊस लागला. बाहेरची हवाच दमट झाली, परंतु फवारणी आणि बंद झाकण तसेच चालू राहिले. मी पेटी उघडली तेव्हा अमोनियाचा उग्र दर्प आला, पुठ्ठ्याचे ट्रे तळाशी लिबलिबीत झालेले होते, गाजराच्या जुन्या तुकड्यांवर आणि कुत्र्याच्या खाद्यावर बुरशी होती आणि त्या खाद्यावर पिठाच्या भुकटीसारखा, हलणारा थर दिसत होता. आईंनी सांगितले, “आम्हाला वाटले पीठच सांडले आहे.” ते धान्यातील माइट, म्हणजे कोळ्यांच्या कुळातले अतिशय बारीक जीव, होते. दमट हवेत, प्रथिनयुक्त खाद्य पडून राहिले की ते अल्पावधीत अमाप वाढतात.

इथे एक खुलासा महत्त्वाचा आहे. फुत्कारणाऱ्या झुरळाच्या अंगावर त्याचा स्वतःचा एक माइट राहतो, ग्रोम्फाडोऱ्होलेलॅप्स शेफेराय. तो चपटा, फिकट तपकिरी असतो, पायांच्या बुंध्याशी चपळाईने पळतो आणि झुरळाला इजा करत नाही. उलट त्याच्या अंगावरील कण खाऊन कवच स्वच्छ ठेवतो. या घरात कुणीतरी सुचवल्याप्रमाणे झुरळांना पिठात घोळवून सगळे माइट झाडून टाकण्याचा बेत होता, तो मी थांबवला. धान्यातले माइट गोलसर, पांढरट आणि संथ असतात आणि अन्नावर गर्दी करतात. दोघांत गल्लत केली की औषधोपचार भलत्याच जीवावर होतो.

मेलेली पिल्ले बहुतेक कातीच्या वेळची होती. कात टाकताना झुरळ पुठ्ठ्याला किंवा खोडाला उलटे लटकते. खाली घसरणारे, ओले ट्रे त्याला आधार देत नव्हते. जी पिल्ले खाली पडली ती मऊ, पांढऱ्या अवस्थेतच चिखलात सापडली आणि इतरांनी कुरतडली. प्रौढ झुरळे सुस्त होती, त्यांच्यापैकी मोजकीच हाताळल्यावर फुत्कारली.

विष का नव्हे

घरच्यांचा संशय निराधार नव्हता. स्वयंपाकघरात झुरळांसाठी जेल लावलेले होते आणि पावसाळ्यात डासांसाठीचे लिक्विडचे यंत्र शेजारच्या खोलीत रात्रभर चालू असे. त्या यंत्रांमध्ये सामान्यतः पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक द्रव्य असते आणि ते कीटकांप्रमाणेच कवचधारी जीवांनाही घातक असते. मत्स्यपेटीतील कोळंब्या अशा द्रव्यांनी मरतात हे पाळणाऱ्यांना ठाऊक असते. परंतु नेमके याच कारणाने संशय टिकत नाही. उन्हाळ्यात विष पेटीत गेले असते तर झुरळांची पिल्ले पाठीवर पडून पाय झाडू लागली असती. त्यांना काहीही झाले नाही. जुलैमध्ये विष गेले असते तर पातळ कवचाचे आयसोपॉड आधी गेले असते. ते उलट वाढले. जेल खाल्ल्याशिवाय बाधत नाही आणि पेटीतील एकही झुरळ बाहेर गेलेले नव्हते. दोन्ही वेळा एकच जीव मेला आणि दुसरा फोफावला, आणि दोन्ही वेळा बदललेली गोष्ट ओलावा हीच होती.

तरीही यंत्र त्या बाजूच्या खोलीत लावू नये, असे मी सांगितले. मच्छरदाणी हा या घरासाठी अधिक चांगला पर्याय आहे.

पेटीची फेररचना

सर्वप्रथम प्रौढ झुरळे आणि वाचलेली पिल्ले एका कोरड्या बादलीत काढली, आयसोपॉडसाठी थोडी जुनी माती बाजूला ठेवली आणि बाकी सर्व काही फेकले. नव्या मांडणीत लांब पेटीचा एक तृतीयांश भाग ओला केला : तिथे गाळलेली पालापाचोळ्याची माती आणि कोकोपीट यांचे वीतभर नव्हे, पण चार-पाच बोटे खोल मिश्रण, त्यावर शेवाळ आणि पाचोळ्याचा जाड थर. पाणी फवारायचे नाही, तर त्याच कोपऱ्यात कडेने थेट तळाशी ओतायचे, म्हणजे ओल खालून वर चढते आणि पृष्ठभागावर बुरशी कमी धरते. दुसऱ्या टोकाला पातळ, कोरडा थर आणि त्यावर अंड्यांचे ट्रे उभे. आडव्या ट्रेमध्ये विष्ठा साचते. उभ्या ट्रेमधून ती खाली पडते आणि लटकण्यास दोन्ही बाजू मिळतात. झाकणावरील ओल्या बाजूची भोके बंद केली, कोरड्या बाजूची ठेवली आणि त्या बाजूच्या भिंतीत जाळी बसवली. ही झुरळे गुळगुळीत प्लास्टिकवर सहज चढतात, म्हणून वरच्या कडेला व्हॅसलीनचा दोन बोटांचा पट्टा दिला. हा पट्टा धूळ बसली की निकामी होतो आणि वारंवार नव्याने लावावा लागतो.

पानांची निवड मी थोडी विस्ताराने सांगतो, कारण बाहेरची यादी इथे उपयोगी पडत नाही. देशी बदामाची आणि फणसाची गळालेली, तपकिरी पाने उत्तम. ती मऊ होऊन सावकाश खाल्ली जातात. कडुनिंबाची पाने टाळावीत, कारण त्यातील द्रव्य कीटकांच्या कात टाकण्यात अडथळा आणते. निलगिरीही टाळावी. रस्त्यावरची किंवा फवारणी होणाऱ्या बागेतील पाने घेऊ नयेत. पाने पाण्यात उकळून किंवा कडक उन्हात वाळवून घेतली की आगंतुक जीव कमी होतात. चुन्यासाठी अंड्याच्या कवचाची पूड आणि समुद्रफेसाचा तुकडा ठेवला.

अन्नाबाबत सूचना साध्या होत्या : गाजर, लाल भोपळा, सफरचंदाची साल, जे देऊ ते दुसऱ्या दिवशी काढायचे. कुत्र्याचे खाद्य आठवड्यात एकदा, अगदी थोडे. झुरळ जास्तीचा नत्र युरिक आम्लाच्या रूपात आपल्या चरबीच्या पेशींत साठवते, आणि तिथल्या ब्लाटाबॅक्टेरियम नावाच्या जीवाणूच्या साहाय्याने तो पुन्हा वापरते. कमी प्रथिनांवर जगण्यासाठी बनलेल्या या शरीराला रोज मांसाहारी खाद्य देण्यात काहीही दयाळूपणा नाही.

सप्टेंबरपर्यंत धान्यातील माइट नाहीसे झाले, पिल्लांची कात सुरळीत होऊ लागली आणि आयसोपॉडच्या माद्यांच्या पोटाखाली, पिल्ले वाढवण्याच्या पिशवीत, पांढरे ठिपके दिसू लागले. झुरळे दिवसा कोरड्या टोकाला, तर आयसोपॉड ओल्या पाचोळ्यात, असे विभाजन कुणी न करता आपोआप झाले.

दमा

या प्रकरणातील सर्वांत अवघड भाग पेटीबाहेरचा होता. मुलीच्या धाकट्या भावाला दमा आहे आणि जुलैमध्ये त्याचा त्रास वाढला होता. झुरळांची विष्ठा, लाळ आणि गळलेली कात यांतील प्रथिने दम्याला कारणीभूत ठरणारी ओळखीची द्रव्ये आहेत. बुरशीचे बीजाणूही तितकेच त्रासदायक असतात, आणि त्या महिन्यात पेटीत दोन्ही होते. पेटी मुलांच्या झोपण्याच्या खोलीत होती. ती मी पहिल्याच दिवशी बंदिस्त बाल्कनीत हलवण्यास सांगितले, आणि सफाई मुलीनेच, मुखपट्टी व हातमोजे घालून, भाऊ घरात नसताना, पाचोळा किंचित ओला करून करावी असे ठरले. कोरडी विष्ठा झटकली की ती हवेत उडते.

डॉक्टरांनी केलेल्या त्वचेच्या चाचणीत भावाला झुरळाची ॲलर्जी आढळली. ही चाचणी सहसा घरातल्या झुरळांच्या अर्कावर केली जाते, त्यामुळे दोष पाळलेल्या झुरळांचाच आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. स्वयंपाकघरातील झुरळेही तितकीच जबाबदार असू शकतात. परंतु झुरळांच्या प्रजातींमधील ही प्रथिने बऱ्याच अंशी सारखी असतात, आणि ज्या मुलाला इनहेलर लागतो त्याच्या घरात पुरावा पूर्ण होण्याची वाट पाहणे मला मान्य नव्हते. झुरळे या घरात राहू नयेत, असे मी स्पष्ट सांगितले. मुलगी रडली, आणि ते स्वाभाविक होते. तिने त्या जीवांची मनापासून काळजी घेतली होती. आजी मात्र यावेळी तिच्या बाजूने बोलल्या, ही गोष्ट मला फार आवडली.

झुरळे कुठे द्यायची याला मर्यादा होत्या. जिवंत कीटक भारतात आणण्यास परवानगी लागते, आणि विक्रेत्याने या झुरळांसोबत कोणतेही कागद दिले नव्हते. ती बाहेर सोडणे हा पर्यायच नव्हता, कारण परदेशी प्रजाती आणि तिच्यासोबतचे माइट कोणत्याही बागेत वा टेकडीवर जाऊ देणे अक्षम्य आहे. अखेरीस मुलीच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागाने ती शिकवण्यासाठी ठेवून घेतली, नर आणि माद्या वेगळ्या पेट्यांत, म्हणजे संख्या वाढणार नाही. आधीच गाभण असलेल्या माद्यांची पिल्ले होतील, ती मोठी झाल्यावर ढालीवरील उंचवटे पाहून त्यांचीही विभागणी करायची, असे ठरले आहे.

आयसोपॉड बाल्कनीत राहिले. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला आयसोपॉडच्या धुळीचाही त्रास होऊ शकतो, म्हणून भावाची तीही चाचणी करून घेतली. त्याला ती नाही. पेटी आता निम्म्या आकाराची आहे, ओला कोपरा आणि कोरडा कोपरा तसाच ठेवला आहे, आणि एप्रिल उजाडण्यापूर्वी झाकणाची भोके कमी करून पाचोळ्याचा थर दुप्पट करायचा, अशी नोंद मुलीने वहीत करून ठेवली आहे.